पाठीवरची खूण

माझी ताई दिसायला अजिबात प्रेमळ नाही. परिचारिकांचे जे फोटो कॅलेंडरावर छापतात, त्यातल्या बाया कशा गालातल्या गालात हसत असतात, तशी ती उभ्या जन्मात हसलेली मी पाहिली नाही. वॉर्डात तिला सगळे ‘हवालदार’ म्हणतात. आपण हे तिच्या माघारी म्हणतो असा त्यांचा समज आहे. तिला ते केव्हाचं ठाऊक आहे, आणि मला विचाराल तर मनातून आवडतंही.

लग्न तिनं केलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायची, ‘‘माझी ड्यूटी कोण बदलून देणार?’’ आधी लोक हसायचे, मग विचारायचेच थांबले. घरात आम्ही तिघं. ती, मी आणि आमचे वडील, नाना. नाना कानांनी अधू, त्यामुळे आमच्या घरात खासगी असं काही राहत नाही. त्यांना एखादी गोष्ट सांगायची म्हणजे ती अख्ख्या गल्लीला सांगावी लागते.

साथ आली आणि सगळ्यात आधी माझं दुकान बंद झालं. मी केस कापतो, दाढ्या करतो. गिऱ्हाइकाच्या नाकाला नाक लावून करायचा धंदा, तो बंद होणारच. हात रिकामे झाले तेव्हा स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. मी आचारी कसा आहे ते नानांना विचारू नका, गल्लीला ऐकू जाईल.

ताईनं अंथरूण उचललं आणि मागच्या खोलीत मुक्काम हलवला. त्या खोलीला बाहेरून वेगळं दार आहे आणि आमच्या बाजूला एक गजांची खिडकी. नानांच्या आसपास फिरकायचं नाही, हा तिचाच नियम. मी खिडकीत ताट ठेवून मागं सरायचो, ती आतून घ्यायची. आमचं बोलणंचालणं, भांडणतंटा सगळं त्या गजांमधून.

एकदा सकाळची ड्यूटी करून आली आणि म्हणाली, ‘‘कात्री दे.’’

तिचे केस कमरेपर्यंत होते. आयुष्यात तेवढी एकच हौस तिनं केली असेल. टोपीखाली ते मावत नव्हते, घामानं डोकं नासत होतं. मी म्हटलं, ‘‘पाठ करून बस, मी गजांतून कापतो.’’

‘‘तू जवळ यायचं नाहीस.’’

मग काय, खिडकीच्या अलीकडून मी सांगतोय, वर धर, तिरकी नको, अगं मागची बट राहिली, आणि पलीकडे ती कचाकचा कापतेय, झुडूप तोडल्यासारखी. जन्मभर मी लोकांची डोकी नीट केली, आणि सख्ख्या बहिणीचं डोकं माझ्या डोळ्यांदेखत उंदरानं कुरतडल्यासारखं झालं. मी वैतागून बोललो, ‘‘माझ्या दुकानावरून जाताना तोंड झाकून जात जा.’’ ती म्हणाली, ‘‘झाकलेलंच असतं,’’ आणि आरशात न बघताच झोपायला गेली.

त्याच सुमारास लोकांनी आपापल्या खिडक्यांत उभं राहून दवाखान्यातल्या माणसांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. ताई रात्रपाळी करून झोपली होती. त्या आवाजानं दचकून उठली आणि ओरडली, ‘‘जरा झोपू द्या की मेल्यांनो!’’ नानांना हे मात्र बरोबर ऐकू आलं. ते बराच वेळ एकटेच हसत होते.

आता तिच्या नियमाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

ते पांढरं किट चढवलं की आतलं माणूस कोण आहे ते कळत नाही. झगा, टोपी, चष्मा, एकावर एक हातमोजे. आत असेपर्यंत पाणी प्यायचं नाही, कारण प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, आणि त्यासाठी सगळं उतरवावं लागणार. पण हे सगळं अंगावर नीट बसलंय की नाही, हे ज्याचं त्याला दिसत नाही. म्हणून ताईनं वॉर्डात जोड्या लावून दिल्या होत्या. आत जायच्या दाराशी दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. एकीनं दुसरीच्या मास्कच्या कडांवर तळवे धरायचे आणि म्हणायचं, ‘‘फुंक.’’ हवा कुठून निसटली तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची. मग चष्मा बघायचा, मनगटावरची चिकटपट्टी बघायची, गळ्यापर्यंतची चेन बघायची. सगळं ठीक असलं की मार्करनं पाठीवर बरोबरची खूण करायची, शाळेत बाई वहीवर करतात तशी. ज्याच्या पाठीवर खूण नाही, त्यानं आत पाऊल टाकायचं नाही. एका मोठ्या डॉक्टरला तिनं दारातून परत पाठवलं होतं. तेव्हापासून हवालदारकी कायम झाली.

ताईची स्वतःची जोडी होती ती चिमणीशी. हे टोपणनाव ताईनंच ठेवलेलं. चिमणी वयानं पुष्कळ लहान, नवऱ्याची आणि तीन वर्षांच्या मुलीची सतत बडबड करणारी. चष्म्याआडून, मास्कआडून, किटमधून तिचा चिवचिवाट चालूच. श्वास सुधारावा म्हणून पेशंटना पालथं झोपवायचं असलं की इतरांना चौघी लागायच्या, ही तिघींत भागवायची, कारण पेशंटलाच बोलण्यात गुंतवायची. ताई घरी येऊन तक्रार करायची, ‘‘कान किटले माझे.’’ पण चिमणीला सुट्टी असली की ताई खिडकीत नुसती बसून राहायची, तक्रार करायलाही काही नसायचं.

पहिली लाट ओसरली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. ताई मागच्या खोलीतून बाहेर आली, नानांशेजारी बसून जेवली. मी तिचं डोकं एकदाचं ठाकठीक केलं. आणि मग दुसरी लाट आली. ताई पुन्हा मागं गेली. या खेपेला ती अंथरूण उचलताना काही बोलली नाही. पहिल्या वेळी तिच्यात एक जिद्द होती, आता नुसता शीण होता. जुना शीण उतरला नव्हता, त्यावर हा नवा चढला. दोन पाळ्यांचं काम एका पाळीत होत होतं, कारण निम्म्या परिचारिका आजारी होत्या. ती ताट घ्यायची आणि घास हातात धरून झोपून जायची. मी गजांवर चमचा वाजवला की डोळे न उघडता हात वर करून हवेत बोट दाबायची. वॉर्डातल्या मॉनिटरचा आवाज बंद करायचं बटण तिथं असतं म्हणे.

मी नानांना म्हटलं, ‘‘हिला नोकरी सोड म्हणून सांगा.’’

नाना म्हणाले, ‘‘दमलेल्या माणसाला काही सांगू नये. ताट द्यावं.’’ आणि हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून मान हलवली.

एके दिवशी ताई दुपारी आली, ताट घेतलं आणि तसंच परत ठेवलं. मी चिडलो. चार तास चुलीपुढं उभं राहून केलेलं, चिडणारच. ती म्हणाली, ‘‘चिमणीला ताप आहे.’’

‘‘तुमच्यात कुणाला नाही?’’

ती गजाला डोकं टेकून, माझ्याकडे न बघता, सांगत गेली.

काही दिवसांपूर्वी दोघी दाराशी उभ्या होत्या. चिमणीनं ताईला तपासलं, खूण केली. आता तिला तपासायची पाळी ताईची. तेवढ्यात आतून हाक आली, कुणाचा तरी श्वास अडकला होता. ताईच्या हातात मार्कर होता. चिमणीनं पाठ फिरवली. ताईनं खूण केली आणि दोघी आत पळाल्या.

‘‘मी तळवे धरले नव्हते,’’ ताई म्हणाली. ‘‘फुंक म्हटलं नव्हतं. हात आपोआप उठला आणि खूण करून मोकळा झाला. मी उभ्या उभ्या झोपेत होते बहुतेक.’’

‘‘घाईत होतं असं.’’

‘‘पुढचं ऐक. ड्यूटी संपली, किट उतरवलं. सगळ्यांच्या तोंडावर मास्कचे वळ असतात. तिच्या डाव्या गालावर वळ होता. उजवा गाल कोरा होता.’’

मला जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. गालांशीच माझा धंदा. एका बाजूला वळ नाही म्हणजे त्या बाजूनं मास्क टेकलेलाच नव्हता. सहा-सात तास ती पोर त्या हवेत उघड्या फटीनिशी वावरत होती.

‘‘तू तिला सांगितलंस?’’

‘‘नाही.’’ ताई म्हणाली, ‘‘म्हटलं, लागला नसेल. सांगून उगाच घाबरेल. मूग गिळून बसले.’’

मी तिला पुष्कळ समजावलं. म्हटलं, चहाच्या खोलीत तुम्ही सगळ्या मास्क काढूनच बसता की. तिचा नवरा बाजारात जातो. जिन्यात, लिफ्टमध्ये, कुठंही लागला असेल. दवाखान्यातल्या मेट्रनबाईंनीही तिला तेच सांगितलं होतं, कुठून लागला हे देवालाही सांगता यायचं नाही. ताईनं त्यांना उत्तर दिलं होतं, ‘‘मी देवाला विचारलेलं नाही.’’ मला वाटलं होतं मी बोलल्यावर तिचं मन हलकं होईल. ती म्हणाली, ‘‘झालं तुझं? आता झोपते,’’ आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवशी मला तिचा राग आला, आणि भीतीही वाटली. आजवर मी ताईला चुकलेलं पाहिलंच नव्हतं. ती चुकू शकते हे कळल्यावर घराचं छप्पर हलल्यासारखं झालं.

चिमणी त्यांच्याच वॉर्डात पेशंट म्हणून आली. आधी नाकाला नळी, मग तोंडावर घट्ट मास्क. मग ती बोलेनाशी झाली. ज्या बाईनं अर्ध्या वॉर्डाला बडबडून पालथं केलं, तिला आता ताई पालथं करत होती, आणि ती नुसता अंगठा वर करून दाखवायची. ताई आपल्या पाळीनंतरही थांबायला लागली. चिमणीचा नवरा फोन करायचा तो ताईलाच. मुलगी आईला हाका मारते आहे, तेवढं ऐकवा म्हणायचा. ताई चिमणीच्या कानाशी फोन धरून उभी राहायची. घरी आल्यावर मला एवढंच सांगायची, ‘‘आज ऑक्सिजन थोडा कमी लागला,’’ किंवा, ‘‘आज जास्त लागला.’’ त्या आकड्यावर आमच्या घरातलं जेवण ठरायचं. कमी लागला तर ती जेवायची. जास्त लागला तर ताट तसंच परत.

आणि तिनं जोडी सोडली. दुसरी जोडीदार घ्या, असं मेट्रननं सांगितलं, हिनं मानलं नाही. म्हणाली, मी कुणाच्या पाठीवर खूण करणार नाही आणि माझ्या पाठीला कुणी हात लावायचा नाही, मी आरशात बघून जाईन. स्वतःचाच नियम तिनं स्वतःच मोडला, आणि तिला अडवायची हिंमत कुणाला नव्हती. दाराशी हवालदार उभा करता येतो, पण हवालदारावर पहारा ठेवणार कोण?

तिच्या मनात एकच होतं. चिमणी वाचली पाहिजे, आणि वाचली की तिला तोंडानं सांगायचं. ती गेली असती तर ताईनं नोकरी सोडली असती असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, सोडली नसती, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

चिमणी वाचली. फार दिवस लागले. मास्क निघाला, मग नळी निघाली, मग एके दिवशी चाकाच्या खुर्चीतून तिला दारापर्यंत आणलं. त्या दिवशी ताईनं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि वर म्हणाली, ‘‘मीठ कमी होतं.’’ माझ्या जिवात जीव आला.

चिमणी घरी स्थिरावल्यावर एका सुट्टीच्या दिवशी ताई म्हणाली, ‘‘मला स्कूटरवरून सोड.’’ लाट तोवर बरीच ओसरली होती. वाटभर ती माझ्या मागं काठीसारखी ताठ बसली होती. मी म्हटलं, ‘‘ती बिचारी आत्ता कुठं उठून बसलीय. आज बोलायलाच पाहिजे का?’’ तिनं पुढच्या वळणाकडे बोट दाखवलं.

चिमणीचं घर पहिल्या मजल्यावर. नवरा मुलीला घेऊन खालच्या अंगणात गेला. चिमणी खिडकीशी खुर्चीवर बसली होती, गालफडं बसलेली, हातांच्या काड्या झालेल्या. मी दारातच थांबलो. ताई तिच्यासमोर स्टुलावर बसली, तब्येतीचं काही न विचारता एकदम म्हणाली, ‘‘त्या दिवशी मी तुझा मास्क बघितला नव्हता. न बघता खूण केली. तुझा गाल कोरा होता तो मी पाहिला आणि बोलले नाही. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.’’

मला वाटलं, आता चिमणी रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या हो ताई. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग एकेक तुकडा बोलायला लागली. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. बडबड्या माणसाला असं मोजून बोलताना बघणं फार जड जातं.

‘‘मला... माहीत होतं. मी पण... आरशात बघितला. गाल.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले असते... तर तुम्ही विचारलं असतं. तू माझं... बघतेस का.’’

चिमणी आता तिच्याकडे बघत होती.

‘‘मी नव्हते बघत, ताई. तुमचं. उकाडा सुरू झाला... तेव्हापासून. तळवे धरायचे, फुंक म्हणायचे... पण हाताला काही कळायचं नाही. हवा निसटतेय... का माझेच हात थरथरताहेत. मग नुसतीच... खूण. रोज. म्हटलं, तुमचं काय बघायचं. तुमचं कधी... चुकतं का.’’

दारातल्या दारात माझं डोकं फिरलं. इतके महिने आम्ही कुणाच्या भरवशावर होतो? माझ्या बहिणीच्या जिवाशी खेळ! मी पुढं झालो, पण तोंड उघडायच्या आधीच ताई कडाडली.

‘‘अगं मूर्ख! घरी म्हातारा बाप आहे माझा!’’

‘‘आणि माझी पोर?’’ चिमणी ओरडली. ओरडली म्हणजे आवाज फुटला तिचा, आणि खोकल्याची उबळ आली. ‘‘तीन वर्षांची... पोर आहे माझी!’’

ताई उठली, तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं वाकवलं, खोकला थांबेपर्यंत तशीच धरून राहिली. पाणी दिलं. दोघींपैकी कुणीही क्षमा मागितली नाही. मला वाटतं, त्यांना ते सुचलंच नाही. चिमणी म्हणाली, ‘‘तिथं पडल्या पडल्या... हेच डोक्यात. ताईंना झालं... तर माझ्यामुळं. तुम्ही रोज यायच्या... तुम्हाला धाप लागतेय का... ते बघायचे. अंगठा दाखवायचे ना... तो त्यासाठी. तुम्ही बऱ्या दिसायच्या... म्हणून.’’

ताई परत स्टुलावर बसली. तिचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ती म्हातारी दिसली. ती रडत नव्हती. रडायलाही अंगात काही लागतं.

‘‘आता तुमचं... कोण बघतं?’’ चिमणीनं विचारलं.

‘‘कुणी नाही. मी आरशात बघते.’’

‘‘आरशात... फुंक कोण म्हणतं?’’

चिमणी पुढं म्हणाली, तिला पुढच्या महिन्यात कामावर यायचंय, डॉक्टर अर्धी पाळी देणार आहेत, घरी बसून वेड लागेल. मग म्हणाली, ‘‘माझी जोडी... तुमच्याशीच.’’

‘‘माझ्याशी? अजून?’’

‘‘दुसऱ्या कुणाला... मी हे सांगू शकणार आहे का?’’

ताई म्हणाली, ‘‘मग एक ठरवू. ज्या दिवशी बघवणार नाही, त्या दिवशी तोंडानं सांगायचं, आज मला दिसत नाहीये. खूण करायची नाही. जिच्या पाठीवर खूण नाही, ती दाराबाहेर थांबेल. मग कुणी काही का बोलेना.’’

चिमणीनं मान हलवली. तिला ते पटलं असावं. मलाही पटलं. इतकं साधं होतं, आधीच कसं सुचलं नाही असं वाटलं. मग चिमणीनं विचारलं,

‘‘आणि आत पेशंटचा श्वास... अडकलेला असेल तर?’’

खाली अंगणात तिची मुलगी बापाशी काहीतरी खेळत होती, तिचा आवाज वर येत होता. ताई उठली, चिमणीच्या पाण्याचा पेला भरून तिच्या हाताशी ठेवला, आणि मला म्हणाली, ‘‘चल. उद्या सकाळची ड्यूटी आहे.’’